तांबी, अंतरा, छाया: साधनाआधी घर विचारावं लागतं

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करताना माझा क्रम आता पक्का झाला आहे. एचआयव्ही असलेली बाई पाळणा लांबवायचं विचारायला आली की साधनांचा तक्ता मी लगेच काढत नाही. आधी तीन प्रश्न विचारते: आजाराचं घरात कुणाकुणाला माहीत आहे? पाळीत बाजूला बसावं लागतं का? पुढचे सहा महिने मुक्काम कुठे?

सगळ्यात जास्त वेळ पाळीवर जातो. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने, म्हणजे दर तीन महिन्यांनी 150 मिलिग्रॅम, सुरुवातीला अवेळी डाग पडतात आणि पुढे पाळी बंदही होऊ शकते. घरात शिवाशिव पाळत असतील तर प्रत्येक डागाला ती बाजूला, आणि पाळी थांबली की सासूचा प्रश्न, ‘दिवस गेले का?’ त्यात ‘रक्त अंगात साठतं’ ही धास्ती. म्हणून दुसऱ्या इंजेक्शनला पुष्कळ जणी येत नाहीत. मी पहिल्याच दिवशी सांगते, गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, बाहेर पडण्यासारखं काही तयारच होत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची तारीख हमखास फडावर असताना येते. इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत चालतं, म्हणून निघण्याआधीच हिशोब करून देते. कार्ड सोबत ठेवायला लावते, ते पाहून दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही डोस मिळतो.

तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं तांब्याचं साधन, ‘उष्ण पडते’ असं बायका म्हणतात. त्यांचं म्हणणं उडवून लावू नये, कारण पहिले काही महिने अंगावरून खरंच जास्त जातं आणि पोटात दुखतं. मग आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, आणि इथेच चूक होते. टीएलडी या एचआयव्हीच्या रोजच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर हे औषध लोह किंवा कॅल्शियमसोबत रिकाम्या पोटी घेतलं तर अंगी कमी लागतं. दोन्ही गोळ्या जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आजार फार बळावलेला असेल तर नवी तांबी बसवण्याआधी तब्येत सुधारू द्यावी. आधीच बसवलेली असेल तर ती काढायची गरज नसते.

छाया ही 30 मिलिग्रॅमची गर्भनिरोधक गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू होते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. गुरुवारी पाळी आली तर गुरुवार-रविवार, आणि पुढे कायम गुरुवार. मार्गशीर्षातले उपवास त्याच वारी. गोळीने उपवास मोडतो असं मानणारी बाई ती सरळ चुकवते, म्हणून ‘उपवास सोडताना घ्या’ एवढं कार्डावर लिहूनच देते. छायाने पाळी लांबते. 15 दिवसांहून जास्त उशीर झाला तर चाचणी करायची.

क्षयाचं औषध चालू आहे का, हे विचारायला विसरू नये. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घटतो, अंतरा आणि तांबीचा नाही.

यातलं कोणतंही साधन संसर्ग रोखत नाही, निरोध सोबत हवाच. पण नवऱ्यापुढे निरोध काढला की संशय तिच्यावरच, आणि विधवेच्या पिशवीत तो सापडला तर विचारायलाच नको. जोडपं तयार असेल तर दोघांना एकत्र बसवते. नसेल तर ती दोन मुलांत अंतर ठेवण्याचं कारण पुढे करते. ते खरंही असतं आणि घरात चालतंही.

‘तुला आजार आहे, ऑपरेशनच करून टाक’ हा सल्ला मला साफ अमान्य आहे. 2017 च्या कायद्यानुसार एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. संमतीचा कागद तिला वाचून दाखवायचा, तिच्या बोलीत, आणि त्या वेळी नातेवाइकांना खोलीबाहेर बसवायचं.