किंडल आणि बंब

परवा भाचीने विचारलं, "मामा, किंडल म्हणजे नक्की काय रे?" मांडीवर तेच वाचायचं यंत्र होतं. मी म्हटलं, "पेटवणे." ती खो खो हसली. "पुस्तकं पेटवायची?" तिचंही बरोबरच होतं. 2007 मध्ये अमेझॉनने ते बाजारात आणलं, तेव्हा मायकेल क्रोनन नावाच्या डिझायनरने हे नाव सुचवलं. वाचनाची ओढ चेतवणारं, असं काहीसं त्याच्या डोक्यात असावं.

पण 'पेटवणे' मलाच अपुरं वाटलं. सिगारेटही आपण पेटवतो आणि फटाकाही. किंडल हे थोडं चिकाटीचं काम. किंडलिंग म्हणजे जाळ धरायला लागणारी बारीक, सुकी लाकडं. आजोळी त्यांना ढलप्या म्हणत. सुट्टीत पहाटे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटवायचं काम माझ्याकडे असे. त्याच्या मधल्या नळ्यात नारळाची शेंडी, मग ढलप्या, मग करवंटी. घाईने जाड लाकूड कोंबलं की नुसता धूर, आणि डोळ्यांना धारा. माजघरातून आजी ओरडे, "अरे, आधी बारीक घाल. धरू दे त्याला!"

इंग्रजीत आशा, प्रेम, कुतूहल असं सगळं किंडल होतं. आपल्याकडे वाद पेटतो, दंगल पेटते, माणूस ईर्ष्येला पेटतो; कुतूहल पेटलेलं मी तरी ऐकलं नाही. (इंग्रजही काही साधे नाहीत. 1611 च्या त्यांच्या बायबलात देवाचा कोपसुद्धा किंडलच होतो.) कँडल आणि किंडल बहिणी वाटतात, पण तसं नाही. किंडल उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, कँडल लॅटिनमधून. आणि त्या कँडलचं दूरचं नातं निघतं ते थेट आपल्या चंद्राशी.

मला विचाराल तर किंडलच्या सर्वांत जवळचा आपला शब्द 'फुलवणे'. राखेखालचा निखारा आपण फुलवतो, जसं काही ते जास्वंदच. त्यासाठी घालायची फुंकर. गंमत म्हणजे पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावरही आई फुंकरच घालते. दिवा विझवायचा असला की मात्र आपण फुंक मारतो.

तो बंब आता बहिणीच्या हॉलमध्ये आहे, चिंचेने लखलखीत घासलेला, त्यात छत्र्या. भाचीने नळ्यात हात घातला तर बोटं काळी झाली. "ई!" म्हणत तिने ती किंडलच्या कव्हरला पुसली.