काळ्या बीअरची चव-नोंद : कडू कुठलं, तुरट कुठलं

चव घेण्याच्या या फेरीपासून काळ्या बीअरच्या प्रकारांचा क्रम पक्का केला आहे : श्वार्झबिअर, पोर्टर, ड्राय स्टाउट आणि शेवटी इम्पीरियल स्टाउट. इम्पीरियल ८ ते १२ टक्के अल्कोहोलची असते. ती आधी घेतली की मागून येणारी स्टाउट पाणचट लागते. प्रत्येकीला ९० मिली पुरे. ग्लासला साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि दोष उगाच बीअरच्या माथी जातो.

थेट फ्रिजमधून ओतली तर वास बंदच राहतो. १० ते १३ अंशांवर आणा, ओतल्या ओतल्या हुंगा आणि लगेच लिहा. रंगाच्या रकान्यात नुसतं 'काळी' लिहू नका; मागून टॉर्च धरा, कडेला माणकासारखी लाली दिसते का बघा. तरी ५० पैकी रूपाला ३च गुण, चवीला २०.

खरी अडचण चवीतच आहे. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कडूपणा कॉफीसारखा, हॉप्सचा (बीअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडूपणा जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा. तुरटपणा ही चवच नव्हे, तो स्पर्श आहे : घोट गिळल्यावर जीभ खरखरीत होते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात. तो ओळखायला चहाची पिशवी गरम पाण्यात २० मिनिटं ठेवून एक घोट घ्या, साखर-दूध नको. ही खूण एकदा बसली की चुकत नाही. घरच्या बीअरमध्ये हा तुरटपणा आला तर आधी धान्य धुण्याचं पाणी तपासा. ते ७७ अंशांच्या वर गेलं आणि पीएच ६ च्या वर चढला की सालातलं टॅनिन उतरतं. याउलट आंबट, बोचरी धार असेल तर मॅशचा (माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचा) पीएच फार खाली गेला असावा. काळं माल्ट आम्लधर्मी असतं, मृदू पाण्यात हे हमखास होतं. ५.४ ते ५.६ धरून चला.

डायअसिटिल (आंबवताना तयार होणारं, लोण्याच्या वासाचं द्रव्य) इथे माल्टच्या टॉफीसारख्या वासाआड लपतं. ग्लास झाकून कोमट होऊ द्या, मग पुन्हा हुंगा. लोण्याचा वास आणि जिभेवर निसरडेपणा, दोन्ही असतील तर गुण कापा. श्वार्झबिअर आणि बाल्टिक पोर्टर सहसा लागर यीस्टच्या (थंडीत आंबवणाऱ्या यीस्टच्या, म्हणून स्वच्छ चवीच्या), त्यांना इथे अजिबात सूट नाही. जुन्या इम्पीरियलमध्ये शेरीची झाक चालते, सोया सॉसचा वास मात्र नाही.

पुढच्या फेरीत तीन ग्लासांची चाचणी : दोन सारखे, एक वेगळा, तिन्ही अपारदर्शक कपांत; वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही सरासरी तिनातून एकदा बरोबर येतं, म्हणून प्रत्येकाने किमान सहा वेळा करायची.