‘असं कधी झालंच नाही’ म्हणणारा उमेदवार

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी आता ‘जर्मनीवाली’ आहे. त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या मुलाचा बायोडेटा माझ्याकडे येतच असतो. “अगं, तिकडे कुठे चिकटतोय का बघ जरा,” असं काकू लिहितात. चिकटवून देण्याएवढी माझी पोच नाही. पण स्टुटगार्टजवळच्या ज्या कंपनीत मी आहे, तिथे सॉफ्टवेअर टीमसाठी माणसं घेताना मुलाखतीला मलाही बसवतात. तेव्हा तिथे कशावर माणूस निवडला जातो, तेवढं सांगू शकते.

बायोडेट्यात लिहिलेल्या गुणांवर तर नक्कीच नाही. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, टीम प्लेयर. हे सगळेच लिहितात, म्हणून ते कुणी वाचत नाही. वक्तशीरपणाची तर इथे गंमतच आहे. नोकरी सोडताना कंपनीकडून लेखी शिफारसपत्र मागायचा जर्मनीत कायदेशीर हक्क आहे; त्याला आर्बाइट्सत्सॉयग्निस म्हणतात. ते खरं असलं पाहिजे आणि माणसाच्या पुढच्या वाटेत आडवंही येता कामा नये. मग वाचणारे काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते बघतात. कामाबद्दल जेमतेम दोन ओळी आणि वक्तशीरपणाचं भरभरून कौतुक असेल, तर एचआरवाली बाई पत्र बाजूला ठेवते. वेळेवर येणं इथे धरूनच चाललेलं असतं. ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर पकडून ऐरोलीत वेळेवर पोचणं हे केवढं कर्तृत्व आहे, ते यांना कोण सांगणार!

आम्ही सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण देतो. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. पण याला आधार आहे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली. कामाचा नमुना करून घेणं हेही वरच्या पद्धतींत होतं, आणि शिक्षणाची नुसती वर्षं मोजणं तळाच्या पद्धतींत. आपल्याकडे दहावीपासूनचे टक्के तक्ता करून लिहितात, त्या तक्त्यावर आमच्या टीममध्ये कुणाची नजर ठरलेली मी पाहिली नाही.

आमच्या प्रश्नांतला एक ठरलेला: तुमच्या हातून काही बिघडलं होतं तेव्हा काय केलंत? घोडबंदर रोडवर राहणारा एक हुशार मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. कोडिंगचा भाग त्याने झकास सोडवला होता. या प्रश्नाला मात्र म्हणाला, “असं कधी झालंच नाही.” माझ्या जर्मन सहकाऱ्याने जरा थांबून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच. मला त्याचं वाईट वाटलं, कारण आपल्याकडे चूक सांगितली की ती अप्रेझलला निघते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो शहाणपणानेच वागत होता, फक्त तिथला शहाणपणा इथे चालला नाही.

त्याच जागेसाठी ऐरोलीत नोकरी करणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, रात्रीच्या रिलीजला डेटाबेसची स्क्रिप्ट मी चुकीच्या क्रमाने चालवली आणि अर्ध्या नोंदी दोनदा पडल्या. साडेअकराला मॅनेजरला फोन केला. “आधी दुरुस्त करून मग का नाही सांगितलंत?” असं आम्ही विचारलं. “दुरुस्त होईपर्यंत सकाळची शिफ्ट चुकीच्या आकड्यांवर काम करत बसली असती.” पुढे तिने स्वतःहून सांगितलं की आता स्क्रिप्ट चालवण्याआधी ती दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते. तिचं जर्मन जेमतेम बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं होतं, आमची एक टेक्नॉलॉजी तिने हाताळलीच नव्हती, आणि तेही तिने न विचारता सांगून टाकलं. जागा तिला मिळाली.

यात चांगुलपणाला बक्षीस वगैरे काही नाही. इथे प्रोबेशन ६ महिन्यांपर्यंत असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिसीवर कुणीही कुणाला रामराम करू शकतो. ६ महिने उलटल्यावर, लहान कंपन्या सोडल्या तर, माणूस काढणं अवघड. म्हणून अडचण वेळेत सांगणारा माणूस कोण, हे आधीच हुडकायची धडपड असते.

बायोडेट्याच्या तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे, ठिकाण ठाणे, दिनांक’ असं लिहिता ना, ते तसंच राहू दे. इथलेही जुने लोक गाव, तारीख घालून सही करतात. पण वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर काढून टाका.

आणि पगार. नवी मुंबईची पोरं न विचारता सध्याचा सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, सांगून मोकळी होतात आणि अपेक्षेच्या जागी ‘निगोशिएबल’ लिहितात. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानुसार आधीचा पगार विचारायलाच बंदी येते. सदस्य देशांना कायदे करायला ७ जून २०२६ ही मुदत दिली होती. तेव्हा जुना आकडा गिळा आणि अपेक्षेचा एकच आकडा सांगा. तो वर्षाचा आणि ब्रुटो, म्हणजे कर, पेन्शन, आरोग्य विमा कापायच्या आधीचा. हातात काय पडेल ते ऑनलाइन ब्रुटो-नेटो कॅल्क्युलेटरवर आधीच काढून ठेवा, आणि एकटे येणार असाल तर त्यात कर वर्ग (कौटुंबिक परिस्थितीवरून ठरणारा कराचा गट) १ निवडा.