ती शिट्टी मीपण मारली होती

रविवार, रात्री बारा वाजत आलेत

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलो. दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता, कुठे जायचा प्रश्नच नव्हता. लेक म्हणाली बाबा एखादा थ्रिलर लावा ना, पण ते गाड्या हवेत उडवणारे इन्स्पेक्टर नकोत. म्हटलं थांब, तुला एक दाखवतो, आणि लावला ‘अ वेन्सडे’. तेवढ्यात समोरचे काका पेपर परत द्यायला आले, टीव्हीवर नाव बघितलं आणि दारातली छत्री तशीच टाकून बसलेच. काका मुंबई पोलिसातून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालेत. त्यांच्यासोबत पोलिसांचा पिक्चर बघणं म्हणजे आईसोबत रेसिपीचा शो बघणं, फोडणी पडायच्या आधीच चुका निघायला लागतात.

मी हा पिक्चर २००८ ला थेटरात बघितलाय, पहिल्याच रविवारी. ५ सप्टेंबरला लागला होता. नवीन डायरेक्टर, एक गाणं नाही, नसीर आणि अनुपम खेर फोनवर बोलतायत बस, आणि तरी पावणेदोन तास कोणी मुतायला उठलं नव्हतं. आम्ही ऑफिसचे पाच जण गेलो होतो, सगळे वेस्टर्न लाईनवाले. दोन वर्षांपूर्वीचं ११ जुलै, लोकलमधले बॉम्बस्फोट, सगळ्यांच्या अंगावरून गेलेलं. मी त्या दिवशी ऑफिसात अडकलो म्हणून नेहमीची गाडी चुकली, मग अंधेरीपासून हायवेने चालत, लोक रस्त्यात पाण्याच्या बाटल्या आणि पार्ले-जी वाटत होते, फोन लागत नव्हता, आणि घरी पोचलो तेव्हा आई गॅलरीत उभी होती ती मला बघून आत निघून गेली, एक शब्द बोलली नाही. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात, १८० च्या वर माणसं. तर हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही थेटरात बसलेलो, आणि पडद्यावर एक साधा भाजीची पिशवीवाला माणूस गच्चीवरून कमिशनरला फोन करून चार अतिरेकी सोडायला लावतो, आपल्याला वाटतं हा त्यांचाच माणूस, आणि मग जीप उडते. तिघं तिथेच गेले, चौथा नंतर. दोन सेकंद थेटर गप्प आणि मग जो काही आवाज उठला ना! लोक उभे राहून टाळ्या. मी शिट्टी मारली. मला नीट शिट्टी येत पण नाही.

आज काय झालं ते लिहितो.

काकांचा पहिला शेरा तो पोलीस ठाण्यात बॅग ठेवतो तिथेच. म्हणाले, “हे मात्र खरं दाखवलंय. तक्रार द्यायला आलेल्या माणसाकडे कोण बघतो? त्याला बस म्हणायचं आणि विसरायचं.” मग तो कॉम्प्युटरवाला पोरगा आला कॉल ट्रेस करायला, तर काका हसायलाच लागले, “आमच्याकडे तेव्हा प्रिंटरमध्ये कागद नसायचा रे.” पण कमिशनरचं काम त्यांना आवडलं. आवाज न चढवता माणसं कामाला लावणं, हे खरे साहेब लोक असंच करतात म्हणे. जिमी शेरगिल संशयिताला बदडतो तिथे काही बोलले नाहीत. मी बघितलं, चहाच्या कपात बघत होते.

आईचं वेगळंच. तिला काळजी भाजीची. “सकाळी घेतलेली भाजी दिवसभर उन्हात, टोमॅटोचा पार चोथा झाला असेल, आणि बायकोला घरी जाऊन काय सांगणार हा?” जीप उडाली तेव्हा शांतपणे म्हणाली, “बरं केलं.” बस. तिच्याशी यावर वाद घालायची माझी हिंमत नाही, ती त्या गॅलरीत चार तास उभी होती, मी नाही.

पण लेकीने टाळी वाजवली नाही. मी तिच्याकडेच बघत होतो खरं तर, आता वाजवेल, आता वाजवेल. तिने पॉज केलं आणि विचारलं, “पण हे चौघं नक्की तेच आहेत, हे ह्याला कसं माहीत?”

म्हटलं, अगं पिक्चरमध्ये सांगितलंय ना, तो एक जण स्वतःच्या तोंडाने फुशारकी मारतो की.

“हां, पिक्चरमध्ये,” म्हणाली आणि प्ले केलं.

अकरावीतली पोर आहे, पण तिने जुलै २०२५ ची बातमी वाचलीय. आमच्या घरात त्या दिवशी कोणी जेवताना बोललं नव्हतं. ज्या ट्रेन बॉम्बस्फोटांच्या रागावर हा पिक्चर उभा आहे, त्या केसमध्ये २०१५ ला मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं होतं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा तेव्हाच सुटला, नऊ वर्षं आत काढून. आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराच्या बारा निर्दोष सोडले. त्यातला एक तोवर जेलमध्येच वारलेला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे ठरलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. मी तेव्हा बातमी वाचून आधी चिडलोच होतो. मग कारणं वाचली. कबुलीजबाब एकसारखे, मारून घेतल्यासारखे. बॉम्ब नेमके कुठल्या प्रकारचे होते तेसुद्धा सिद्ध करता आलं नाही. आणि आरोपींना स्टेशनला सोडलं म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी शंभर दिवसांच्या वर गेल्यावर चेहरे ओळखले.

पिक्चर संपल्यावर मी हे काकांसमोर काढलं. आधी तर ते भडकले, “मग ठेवले कोणी? आपोआप फुटले का डबे?” त्यांचा राग मला समजतो, तेव्हा महिना महिना त्यांना सुट्टी नव्हती, प्रत्येक स्टेशनला बंदोबस्त. मग थोडा वेळ गेला, आईने दुसरा चहा टाकला, आणि स्वतःच म्हणाले, “मोक्कात डीसीपीसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतो ना. मग झालं, एकदा सही मिळाली की केस संपली असं समजणारे लोक मी बघितलेत. पुढची मेहनत कोण करतो.”

मला वाटायचं पोलीसवाल्यांना हा पिक्चर जाम आवडत असेल, त्यांच्या हाताने होत नाही ते कोणीतरी केलं म्हणून. काका म्हणाले आमच्यात दोन पार्ट्या पडल्या होत्या. तरुण शिपाई खूष. जुने म्हणायचे की चौघं मेले म्हणजे धागा तुटला, आता पुढचे सहा कोण ते कोणाला विचारणार? मग त्यांनी ओंबळेंचं नाव काढलं. पिक्चर येऊन तीन महिने पण झाले नव्हते, २६ नोव्हेंबर, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. तुकाराम ओंबळे, हातात फक्त काठी. कसाबची रायफल धरून ठेवली ती गोळ्या अंगात जाईपर्यंत आणि गेल्यावर पण. “त्यांनी जिवंत पकडून दिला म्हणून सगळं बाहेर आलं. नाहीतर दहा मुडदे आणि दहा थिअऱ्या.” आणि त्या कसाबला वकील मिळाला, खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, मग २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात त्याच्यासोबत उभे केलेले दोन जण पुराव्याअभावी सुटले हे मी साफ विसरलो होतो. कसाबला फुकटची बिर्याणी म्हणून तेव्हा मीपण बोंबललो होतो ऑफिसात, ते मात्र चांगलं आठवतंय.

पिक्चर वाईट आहे असं मला म्हणायचंच नाहीये, उलट आजपण मी पाय वर घेऊन बसलेलो. तो नसीर ट्रेनमधल्या पोराबद्दल सांगतो, रोज दिसणारा, आदल्या दिवशी अंगठी दाखवणारा, तिथे आजपण घशाशी आलं, कारण तशी ओळख आमची सगळ्यांची असते, नाव माहीत नाही पण चौथी सीट त्याची. फक्त माझी ती शिट्टी आता कुठे ठेवू ते कळत नाहीये. आम्हाला ते चौघं तेच आहेत ही खात्री तिकिटासोबत मिळाली होती. बाहेर ती कोणाकडे असते?

निघताना काका चप्पल घालता घालता म्हणाले, “शुक्रवारी गाडीत तुझ्यासमोर कोण बसलेलं सांग.” मी म्हटलं नेहमीचेच असतील. “नेहमीचे नाही, चेहरा सांग.” मी खरंच प्रयत्न केला. एक निळी छत्री आठवली, एक मोबाईलचं तडकलेलं कव्हर आठवलं. चेहरा शून्य. आणि हे फक्त दोन दिवसांपूर्वीचं. “शंभर दिवसांनी बोलावू का ओळख परेडला?” म्हणाले आणि गेले. छत्री विसरून.

सोमवार

आज मुद्दाम बघितलं. समोर बारीक चेक्सचा शर्ट, डाव्या भुवईवर जुनी खूण, टिफिनची पिशवी मांडीवर, बोरिवलीपर्यंत डोळे मिटून. वर रॅकवर एक काळी सॅक होती, दोघा-तिघांनी नेहमीसारखं विचारलं बॅग कोणाची, बॅग कोणाची, यानेच डोळे न उघडता हात वर केला. अंधेरीला उतरला.

आता रात्री लिहिताना खूण डाव्या भुवईवर होती की उजव्या, हे नक्की सांगता येत नाहीये. वर डाव्या लिहिलंय. राहू दे तसंच.