आठ शाळांचं मॉडेल: सूत्र तेच, मांडणी वेगळी

स्टॅन या बेझियन मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आठ शाळां'चं मॉडेल आता एकाही डायव्हर्जन्सशिवाय (म्हणजे सॅम्पलर, नमुने काढणारी पद्धत, वाट चुकल्याच्या सूचनेशिवाय) चालतंय. प्रायर (विदा बघण्याआधीचे अंदाज) तेच, विदा तीच, बदलली ती फक्त लिहायची पद्धत. बेझियन मॉडेलिंगमध्ये मला सगळ्यात जास्त गोडी याच भागाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विदा बहुतेकांना माहीत असेल: अमेरिकेतल्या आठ शाळांत एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या शिकवणीने किती गुण वाढले. डोनाल्ड रुबिन यांच्या १९८१ च्या लेखामुळे ती गाजली. पहिल्या शाळेचा अंदाज २८ गुण, प्रमाणत्रुटी १५; तिसरीचा उणे ३, त्रुटी १६. म्हणजे एकेका शाळेची विदा तशी दुबळीच.

सरळ मांडणीत थीटा (एकेका शाळेतला खरा परिणाम) हा पॅरामीटर असतो आणि आपण लिहितो: थीटा ~ नॉर्मल(म्यू, टाऊ); म्यू म्हणजे शाळांची सरासरी, टाऊ म्हणजे शाळाशाळांतली पसरण. दुसऱ्या मांडणीत ईटा ~ नॉर्मल(०, १) आणि थीटा = म्यू + टाऊ × ईटा. कागदावर दोन्हींचा अर्थ एकच. सॅम्पलरला मात्र दोन वेगळे प्रदेश दिसतात. पहिल्यात टाऊ शून्याकडे सरकला की आठही थीटा म्यूपाशी गोळा होतात आणि पोस्टेरिअर (विदा बघितल्यानंतरचं वितरण) नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. वरच्या रुंद भागात चालणारी पावलाची लांबी खाली फारच मोठी पडते, सॅम्पलर तिथे नीट शिरत नाही, आणि टाऊचा अंदाज वर सरकतो. वाईट हे की डायव्हर्जन्सची सूचना वाचली नाही, तर आकडे अगदी शहाण्यासारखे दिसतात! दुसऱ्या मांडणीत ईटाची पसरण प्रायरमध्ये टाऊवर अवलंबून नसते आणि विदा दुबळी असल्याने पोस्टेरिअरमध्येही फारशी गुंतत नाही, म्हणून नरसाळं उरत नाही.

स्टॅनच्या नव्या आवृत्त्यांत थीटा जाहीर करतानाच 'ऑफसेट' म्यू आणि 'मल्टिप्लायर' टाऊ द्यायची सोय आहे. मग मॉडेलमधली ओळ पहिल्यासारखीच राहते आणि आत काम दुसऱ्या मांडणीचं होतं. वाचायला हीच मला सर्वात स्वच्छ वाटते.

लॉजिस्टिक मॉडेलमध्येही (जिथे निरीक्षण ० किंवा १ असतं) असंच. रेषीय भाग ४० असेल तर १ येण्याची संभाव्यता पी १ ला इतकी खेटते की डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या नेहमीच्या अचूकतेत) ती नेमकी १ होते. निरीक्षण ० असेल, तर लॉग(१ − पी) उणे अनंत येतो; खरं उत्तर जवळजवळ उणे ४०. म्हणून आधी संभाव्यता काढून ती बर्नौली या ०/१ च्या वितरणाला देण्यापेक्षा रेषीय भाग थेट 'बर्नौली लॉजिट'ला द्यावा. ही सवय मी सगळ्या जुन्या कोडला लावली.

सारख्या दिसणाऱ्या पण सारख्या नसलेल्या जोड्याही आहेत. बग्ज या दुसऱ्या बेझियन सॉफ्टवेअरमधून आणलेल्या 'नॉर्मल(०, ०.००१)' मधला दुसरा आकडा प्रिसिजन (१ भागिले प्रमाण विचलनाचा वर्ग) असतो, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे ३१.६. स्टॅन तोच आकडा प्रमाण विचलन म्हणून वाचतो, आणि ढिला प्रायर एकदम शून्याला खिळतो. तसंच 'सिग्मा ~ लॉगनॉर्मल(०, १)' आणि 'लॉग(सिग्मा) ~ नॉर्मल(०, १)'. सिग्मा पॅरामीटर असेल तर दुसऱ्या ओळीत जेकोबियन (चल बदलल्याची भरपाई करणारं पद) आपण घालायचा: टार्गेटमध्ये, म्हणजे स्टॅन जमवत असलेल्या लॉग-घनतेत, उणे लॉग(सिग्मा). तो घातला की दोन्ही एक.

आता उलटी बाजू तपासतोय. गटागटात विदा भरपूर असेल तर सरळ मांडणीच सरस ठरते, कारण तेव्हा थीटा विदेनेच जागेवर धरलेला असतो आणि ईटा मात्र म्यू व टाऊशी घट्ट बांधला जातो. त्यासाठी याच आठ शाळांच्या त्रुटी दहापट लहान करून बनावट विदा तयार केली आहे. तिच्यावर दोन्ही मांडण्या चालवून टाऊचा प्रभावी नमुना आकार (काढलेले नमुने किती स्वतंत्र नमुन्यांच्या तोडीचे) दर सेकंदाला किती मिळतो, ते मोजणार आहे. त्यानंतर निम्म्या शाळांच्याच त्रुटी लहान ठेवून, प्रत्येक शाळेला तिच्या विदेप्रमाणे वेगळी मांडणी देऊन बघायचं आहे.