कोरिप्पो: घरे राहिली, माणसे उतरली

स्वित्झर्लंडच्या तिचिनो या इटालियन भाषक प्रांतात, लोकार्नोच्या पाठीमागे वेर्झास्का नदीचे अरुंद खोरे सुरू होते. खोऱ्याच्या तोंडाशी २२० मीटर उंचीचे धरण आहे. तलावाच्या वरच्या टोकापाशी, समोरच्या उतारावर कोरिप्पो दिसते. त्याच खोऱ्यातल्या लावेर्तेत्सोच्या दोन कमानींच्या पुलावर उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीविषयी लिहिण्याची मला इच्छा नाही.

कोरिप्पोत दगडाखेरीज काही नाही असे प्रथमदर्शनी वाटते. भिंती दगडाच्या, छपरे दगडी फरश्यांची आणि गल्ल्यांच्या जागी पायऱ्या. त्या पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागतात, आणि पाठीवर गवताचे भारे घेऊन येथे पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या बायकांविषयी आपोआप आदर वाटू लागतो. सपाट जमीन नसल्यामुळे उतारावर बांध घालून केलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत राय हे गव्हासारखे धान्य पिकवायचे, शेळ्या पाळायच्या, चेस्टनट वाळवून साठवायचे आणि थंडीत गुरे घेऊन खाली मागादीनोच्या मैदानाकडे उतरायचे, असा या खोऱ्यातील लोकांचा वर्षाचा क्रम होता. १८५०च्या सुमारास कोरिप्पोत जवळजवळ तीनशे माणसे राहत होती. एकोणिसाव्या शतकात तिचिनोच्या खोऱ्यांतून लोक कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. पुढे लोकार्नोच्या परिसरातल्या नोकऱ्यांनी उरलेल्यांना खाली ओढले. २००० साली येथे बावीसच रहिवासी होते आणि नंतर ती संख्या डझनाच्या आसपास आली.

तरीही कोरिप्पो स्वतंत्र ग्रामपालिका होती, लोकसंख्येने साऱ्या स्वित्झर्लंडमधली सर्वांत लहान. तेथील ग्रामपालिकेला स्वतःच्या कराचा दर ठरवता येतो, आणि स्विस नागरिकाच्या पासपोर्टवर जन्मगावाऐवजी त्याच्या मूळ ग्रामपालिकेचे नाव असते. इतके अधिकार मूठभर माणसांनी सांभाळायचे, म्हणजे कारभारासाठी माणसे पुरणे कठीणच. ऑक्टोबर २०२०मध्ये खोऱ्यातील इतर गावांसह ती नव्या वेर्झास्का ग्रामपालिकेत विलीन झाली. हे विलीनीकरण अपरिहार्य होते, हे मला पटते. पण शतकानुशतके चाललेला गावाचा स्वतंत्र कारभार संपला, याची हळहळ काही कमी होत नाही.

मला खरा संताप आला तो एका पायरीवर. दोरीवर कपडे वाळत होते, खिडकीत कुंडी होती, म्हणजे घर वापरातले आहे हे कोणालाही कळावे. तरी एका पर्यटक जोडप्याने दार ढकलून आत डोके घातले आणि आतून आलेल्या वृद्ध आवाजाला हसून, फोटो काढूनच ते बाहेर पडले. गाव सुंदर ठेवण्याची किंमत तिथे राहणाऱ्यांनी अशी मोजायची, हा अन्याय आहे. १९७५ या युरोपीय वास्तुवारसा वर्षात कोरिप्पोचा आदर्श म्हणून गौरव झाला आणि गाव जपण्यासाठी प्रतिष्ठानही उभे राहिले. बांधकाम त्यामुळे वाचले. परंतु ज्या घरात पाहुणे न विचारता शिरतात, तिथे तरुण कुटुंब राहायला येईल कशाला?

म्हणूनच २०२२मध्ये सुरू झालेल्या तेथील विखुरलेल्या हॉटेलविषयी माझे मत चांगले आहे. रिकाम्या पडलेल्या वेगवेगळ्या घरांत खोल्या केल्या आहेत, जेवण गावच्या खानावळीत, आणि पायऱ्या हेच हॉटेलचे जिने. खोली महाग आहे आणि भिंतींच्या जाडीमुळे आत उजेड कमी येतो, पण रात्री मुक्काम करणारा पाहुणा शेजाऱ्याची झोप सांभाळून चालतो, दार वाजवून थांबतो. दिवसा बसने येऊन तासाभरात फोटो घेऊन जाणाऱ्यांपेक्षा असे पाहुणे कोरिप्पोला शंभर पटींनी परवडतील, आणि खानावळ वर्षभर चालवण्याइतका रोजगार मिळाला तर खाली उतरलेल्यांपैकी एखादे कुटुंब परत वर येण्याचा विचारही करील, असे मला मनापासून वाटते.