शिसं झाडात नव्हतं, टाकीत होतं

मार्चच्या मध्यावर लॅबचा अहवाल हातात पडला आणि मी तोच नमुना पुन्हा तपासायला पाठवला. आकडा तोच आला. आमच्या एका जुन्या पुरवठादाराच्या सिरपमध्ये शिसं मर्यादेपेक्षा जास्त होतं.

व्हर्माँटमध्ये शेतकऱ्यांकडून मेपल सिरप, म्हणजे मेपलच्या झाडाचा गोड रस आटवून केलेला पाक, घाऊक घेऊन बाटल्यांत भरणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता तपासणीचं काम करते. अमेरिकेतलं जवळपास निम्मं मेपल सिरप या एवढ्याशा राज्यात होतं, आणि पुरवठादारांपैकी बरेच जण पिढीजात हेच करत आलेले. हे आजोबा त्यातलेच, सत्तरी ओलांडलेले. त्यांचं पिंप बाजूला काढलं आणि मी गाडी काढली. फोनवर बोलून भागण्यासारखं नव्हतं. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा वितळवणारं ऊन असेल तेव्हाच झाडातून रस ठिबकतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, एवढाच हंगाम. आठवडाभर थांबलं असतं तर तेवढ्यात आणखी कितीतरी रस आटला असता.

शुगरहाउसच्या, म्हणजे रस आटवायच्या शेडच्या, छपरातून वाफेचे लोट निघत होते. आत आजोबा काहिलीपाशी उभे. आपल्या गुऱ्हाळातल्यासारखीच काहील, फक्त चौकोनी आणि आत कप्पे पाडलेली. शिशाचं नाव निघालं की पहिला संशय हिच्यावर जातो, कारण जुन्या काहिलींचे सांधे शिसं आणि कथील मिसळून केलेल्या डागाने जोडलेले असत. यांची काहील मात्र स्टेनलेस स्टीलची होती, सांधे वेल्डिंगचे. जाळ उतरल्यावर रिकाम्या कप्प्यात शिसं तपासायचा स्वॅब घासला. ही रसायन लावलेली पिवळी काडी, शिसं लागलं की लाल होते. पिवळाच राहिला.

मग रस ज्या वाटेने येतो तिच्या उलट दिशेने निघाले. शुगरहाउसच्या मागे, उतारावर, रस साठवायची पत्र्याची टाकी होती. आजोबांच्या वडिलांनी घेतलेली. तळाशी आतल्या बाजूने करड्या डागाची बोटभर रुंद रेघ गेली होती, हाताने दिलेली, कुठे जाड तर कुठे पातळ. तिच्यावर स्वॅब अर्धा मिनिट घासला. आधी काहीच नाही. मग कडेने गुलाबी छटा आली आणि बघता बघता सगळं टोक लालभडक झालं. आजोबा शेजारीच उभे होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

रस गोळा करायच्या बादल्या रस्त्याकडेच्या झाडांवर टांगल्या होत्या आणि त्या दोन जातींच्या निघाल्या. काहींच्या पत्र्यावर बर्फाच्या फुलांसारखी चकचकीत नक्षी होती, म्हणजे जस्ताचा मुलामा. तिथे भीती सांध्यांची. दुसऱ्या मात्र सगळीकडून सारख्याच मंद, काळपट करड्या. त्यांच्या पत्र्याला शिसं आणि कथील यांची मिळून कल्हई दिलेली असते. तिथे सांधाच काय, आतली अख्खी बाजू स्वॅब लाल करत होती.

"आमच्या घरात चार पिढ्या हेच सिरप खातायत," आजोबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण मन दुखावलं होतं. मी म्हटलं, "तुमच्या कामात खोट नाही. पण शिसं किती चालतं, अशी सुरक्षित पातळी मुलांसाठी कुणाला सापडलेली नाही. मेंदू वाढत असतो त्या वयात थोडंसुद्धा नडतं. नातवंडांना बादलीतला रस प्यायला देऊ नका, आणि यंदाचं घरचं सिरपही तपासून होईपर्यंत बाजूला ठेवा." ते बराच वेळ काहिलीकडे बघत राहिले. मग विचारलं, "इतकं उकळतं, तरी जात नाही?"

मला वाटतं सगळी गोम याच प्रश्नात आहे. रसात साखर साधारण 2 टक्के. एक लिटर सिरपसाठी जवळपास 40 लिटर रस आटवावा लागतो आणि 104 अंश सेल्सियसच्या आसपास सिरप तयार होतं. उकळीने जंतू मरतात, पाणी वाफ होऊन जातं. शिसं वाफेबरोबर जात नाही. काही अंश तळाला बसणाऱ्या गाळाबरोबर गाळणीत अडकतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. बाकीचं दाट होत जातं. म्हणून रसाचा डबा निवडताना पिण्याच्या पाण्याच्या भांड्यापेक्षा कडक कस लावायला हवा. त्यात त्या आठवड्यात ऊन वाढलं होतं आणि रस दोन दिवस टाकीत पडून होता. रस दुधासारखाच नाशवंत, 4 अंशांच्या वर गेला की आंबायला लागतो, आणि आंबट झालेला रस धातू जास्त ओढतो.

तेवढ्यात शेजाऱ्याने पिकअपमधून एक हजार लिटरचा प्लॅस्टिकचा चौकोनी टँक आणला. मदतीच्या भावनेनेच, फुकट. लोखंडी पिंजऱ्यातला, आतून स्वच्छ धुतलेला. वरचं लेबल खरवडलेलं होतं. झाकण उघडून नाक आत घातलं तर मंद, साबणासारखा वास. त्यात आधी काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. हे प्लॅस्टिक वास आणि रसायन आत शोषतं आणि हळूहळू सोडत राहतं. कितीही धुतलं तरी भरवसा नाही. शेजारी तळाचा त्रिकोणातला 2 आकडा दाखवून म्हणाले, "हे तर खाण्याचंच!" तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. रंगाच्या दुकानातल्या बादल्यांवरही तोच असतो. खाद्यपदार्थासाठी बनवलेल्या डब्यावर पेला आणि काट्याचं चिन्ह असतं, किंवा बनवणाऱ्याने तसं लेखी दिलेलं असतं. आणि डबा एक तर नवा हवा, नाही तर त्यात आधी खाण्याचीच वस्तू होती हे पक्कं माहीत हवं. लोणच्याचं पिंप मात्र तरीही नको, वास सिरपमध्ये उतरतो.

उपाय शेवटी शेजाऱ्यांनीच सुचवला. त्यांच्या भावाने गाईंचा धंदा बंद केला होता आणि स्टेनलेस स्टीलची दूध थंड ठेवायची टाकी गोठ्यात तशीच पडून होती. इथे डेअऱ्या बंद पडत गेल्या तशा अशा टाक्या बऱ्याच ठिकाणी शुगरहाउसमध्ये गेल्या आहेत. संध्याकाळी ती ट्रॅक्टरवर आली. सांधे स्वॅबने तपासले, पिवळे. बिनवासाच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे वीस भाग करून आतून घासली, मग गरम पाण्याने तीनदा खळाळून काढली. बादल्या उतरवून झाकणाच्या नव्या पांढऱ्या बादल्या लावायचं काम दुसऱ्या दिवशी झालं.

निघताना मी थेट झाडाच्या तोटीखाली धरलेला रस, बादल्यांतला रस आणि जुन्या टाकीतला रस, असे वेगवेगळे नमुने घेतले होते. झाडाचा रस स्वच्छ निघाला. बादल्यांत शिसं होतं, टाकीत सगळ्यात जास्त. ते पिंप कंपनीने घेतलं नाही. आजोबांचं नुकसान झालं आणि त्याचं मला वाईट वाटलं. नव्या टाकीतून आलेलं त्यांचं एप्रिलचं सिरप मर्यादेच्या खूप खाली होतं, ते आम्ही घेतलं. आता हंगामाआधी प्रत्येक पुरवठादाराकडून मी बादलीच्या आणि टाकीच्या सांध्यांचे जवळून काढलेले फोटो मागवते, आणि शंका आली की स्वॅब घेऊन स्वतः जाते.